दिल्लीत आपले किती? संसदेतल्या महाराष्ट्राविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं मी एका खासदारांच्या जिल्हा कार्यालयात पत्रं लिहायचं काम केलं. साहेब दिल्लीला असोत की मतदारसंघात, सकाळी दहाला बाकावर माणसं बसलेली असायचीच. तिथे जे प्रश्न कानावर पडायचे, तेच आता नातेवाईक आणि मित्र विचारतात. एकदा लिहून ठेवलेलं बरं.

संसदेत महाराष्ट्राचे खासदार नक्की किती?

67. बहुतेकांच्या तोंडी 48 असतं, कारण निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर तोच आकडा फिरत असतो. ते लोकसभेचे. राज्यसभेत आपले आणखी 19 आहेत आणि त्यांचा आपल्याला सोयिस्कर विसर पडतो. लोकसभेच्या निवडून येणाऱ्या 543 जागांमध्ये उत्तर प्रदेशाच्या 80 नंतर आपलाच नंबर. राज्यसभेतही उत्तर प्रदेशाच्या 31 नंतर आपणच. तामिळनाडू 18 वर आहे.

48 हा आकडा आला कुठून?

लोकसंख्येवरून, पण आजच्या नव्हे. राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे 1962 च्या निवडणुकीत महाराष्ट्राला 44 जागा होत्या. 1967 ला त्या 45 झाल्या आणि 1977 पासून 48. ही शेवटची वाढ 1971 च्या जनगणनेवर झाली. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतलं जागावाटप गोठवलं, आणि 84 व्या दुरुस्तीने ते 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसंच ठेवलं. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू.

1971 ला महाराष्ट्राची लोकसंख्या होती सुमारे 5 कोटी. म्हणजे एका खासदारामागे साधारण साडेदहा लाख माणसं. 2011 ला आपण 11 कोटी 24 लाखांवर गेलो आणि खासदार तेवढेच राहिले. एका खासदाराच्या वाट्याला 23 लाखांहून जास्त माणसं आली. बाकावर इतकी गर्दी का असते, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

मग पुनर्रचना, म्हणजे जनगणनेवरून जागा आणि सीमा नव्याने ठरवणं, झाली की महाराष्ट्राचं नुकसान होणार का?

ही भीती दक्षिणेकडची आहे. ती आपण तशीच्या तशी उसनी घेऊ नये. 2011 च्या आकड्यांवर केरळात एका खासदारामागे जेमतेम 17 लाख लोक येतात, तामिळनाडूत साडेअठरा, राजस्थानात 27 लाखांच्या वर. देशाची सरासरी 22 लाखांच्या थोडी पुढे आहे आणि आपण 23 वर. म्हणजे 543 जागा निव्वळ लोकसंख्येवर पुन्हा वाटल्या, तर महाराष्ट्राच्या वाट्याला 50 च्या आसपास येतील. आपलं फारसं जातही नाही, येतही नाही.

मला विचाराल तर खरी ओढाताण राज्याच्या आत होईल. 1971 नंतर माणूस मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात येत राहिला. गावाकडचे मतदारसंघ आणखी पसरणार आणि शहरांतले आणखी चिरले जाणार, हे 2008 ला एकदा पाहिलंय.

2008 ला काय झालं होतं?

एकूण जागा 48 च राहिल्या, राज्याच्या आतल्या सीमा मात्र 2001 च्या जनगणनेवर नव्याने आखल्या. कराड मतदारसंघ गेला. एरंडोल गेला. इचलकरंजीचा हातकणंगले झाला, खेडचा शिरूर, कोपरगावचा शिर्डी, आणि कुलाब्याच्या जागी रायगड आला. ठाण्याकडे भिवंडी आणि कल्याण असे दोन नवे मतदारसंघ उभे राहिले. कोकणातल्या जुन्या माणसांना सर्वात जास्त लागलं ते राजापूर गेल्याचं. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांचा तो मतदारसंघ. आता त्याचा भाग रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे. माझे एक काका अजूनही ‘आमचं राजापूर’ म्हणतात, आणि ते गावाबद्दल बोलत नसतात.

मी पुण्यात राहतो. माझा खासदार बारामतीचा कसा?

तुम्ही बहुधा धायरी, वारजे किंवा धनकवडीकडे राहता. लोकसभा मतदारसंघाची बांधणी विधानसभेच्या मतदारसंघांवर होते. राज्यात आमदार 288 आणि लोकसभेच्या जागा 48, म्हणून एका खासदाराच्या हाताखाली बरोबर सहा विधानसभा मतदारसंघ. पुणे लोकसभेत कसबा पेठ, कोथरूड, पर्वती, शिवाजीनगर, वडगाव शेरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट. खडकवासला गेला बारामतीत, हडपसर शिरूरमध्ये. पिंपरी आणि चिंचवड मावळात आहेत आणि त्यांच्या शेजारचं भोसरी शिरूरमध्ये. त्याच मावळात घाट उतरून पनवेल, कर्जत आणि उरणही येतात. एकाच खासदाराने सकाळी चिंचवडच्या सोसायटीत पाण्याबद्दल ऐकायचं आणि दुपारी उरणला बंदराबद्दल.

तिकडे गडचिरोली-चिमूर बघा. आमगाव गोंदिया जिल्ह्यातलं, ब्रह्मपुरी आणि चिमूर चंद्रपूरमधले, बाकीचे तीन गडचिरोलीचे. एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाला जायचं तर दिवस जातो. जिल्हा एक आणि खासदार एक अशी समजूत असेल तर ती सोडून द्या. मतदार यादीत विधानसभा मतदारसंघाचं नाव असतं, तिथून उलट शोधा.

राखीव जागा किती?

48 पैकी नऊ. अनुसूचित जातींसाठी अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. अनुसूचित जमातींसाठी नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर. तिथे मत सगळेच देतात, राखीव असते ती फक्त उमेदवारी. राज्यसभेत असं आरक्षण नाही.

राज्यसभेला आपण मत का देत नाही?

देता, पण आमदारामार्फत. ज्या दिवशी तुम्ही विधानसभेसाठी बटण दाबता, त्या दिवशी नकळत राज्यसभेचंही थोडंसं ठरवत असता. हे सभागृह कधी बरखास्त होत नाही. मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या 19 मधले एका वेळी सहा किंवा सात.

19 हा आकडा घटनेच्या चौथ्या अनुसूचीतला. वाटपाचं सूत्र असं होतं की लोकसंख्येच्या पहिल्या 50 लाखांपर्यंत दर 10 लाखांमागे एक जागा आणि पुढे दर 20 लाखांमागे एक. त्यामुळे छोट्या राज्यांना थोडं झुकतं माप मिळतं. अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात. आपल्याकडे तसं नाही.

‘पहिल्या पसंतीचा कोटा’ म्हणजे काय? कमी मतं घेऊनही माणूस जिंकतो म्हणतात.

जिंकतो. 10 जून 2022 ची निवडणूक डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे सगळं कळेल. जागा सहा, उमेदवार सात. महाराष्ट्रात राज्यसभेसाठी खरंखुरं मतदान होण्याची वेळ दोन दशकांहून अधिक काळानंतर आली होती. एरवी पक्ष आपसांत जुळवून घेतात आणि सगळे बिनविरोध जातात.

आमदार मतपत्रिकेवर नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितो. प्रत्येक मताची किंमत 100 धरतात. एकूण किमतीला जागांपेक्षा एक जास्त संख्येने भागायचं आणि एक मिळवायचा, हा कोटा. त्या दिवशी 285 आमदारांनी मत दिलं. एक जागा निधनामुळे रिकामी होती आणि दोन आमदार कोठडीत होते. एक मत बाद झालं. उरली 284, म्हणजे 28,400. भागिले सात, अधिक एक: 4,058. सोप्या भाषेत 41 आमदार हवेत.

भाजपच्या पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी 48 मतं. इम्रान प्रतापगढी 44, प्रफुल्ल पटेल 43, संजय राऊत 41. पाच जण पार झाले. सहाव्या जागेसाठी उरले शिवसेनेचे संजय पवार, पहिल्या पसंतीची 33, आणि भाजपचे धनंजय महाडिक, 27. सरळ मोजणी असती तर पवार खासदार झाले असते.

पण जिंकलेल्याला कोट्यापेक्षा जास्त मिळालेली मतं वाया जात नाहीत, ती दुसऱ्या पसंतीकडे वळतात. गोयल आणि बोंडे यांच्याकडे प्रत्येकी सात-साडेसात मतांचं जास्तीचं माप होतं आणि ते महाडिकांकडे गेलं. महाडिक 41 च्या वर पोचले. पवारांना शिवसेना-राष्ट्रवादी-काँग्रेस आघाडीच्या तिघांची (प्रतापगढी, पटेल, राऊत) मिळून सहाच्या आसपास मिळाली आणि ते 39 वर अडकले. एकमेकांच्या मतांवर आक्षेप घेतल्यामुळे मोजणी रखडली आणि निकाल पहाटे लागला. पहिल्या दोघांना जादा मतं देणं ही चैन वाटत होती, सहावी जागा आली ती तिथूनच. ज्याने कोणी त्या रात्री कागदावर आकडेमोड केली असेल, त्याला गणिताच्या शिक्षकांनी शाबासकी द्यावी.

हे मत गुप्त असतं का?

नाही. 2003 पासून राज्यसभेचं मतदान खुलं आहे. आमदाराने आपली मतपत्रिका स्वतःच्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची असते. भलत्याला दिसली तर मत बाद होऊ शकतं. ‘वरीलपैकी कोणी नाही’ हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये या निवडणुकीपुरता काढून टाकला.

बाहेरच्या राज्यातला माणूस महाराष्ट्राचा राज्यसभा खासदार कसा होतो?

पूर्वी त्या राज्याचा मतदार असणं लागायचं. 2003 च्या कायदादुरुस्तीने ती अट गेली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. वर आलेले प्रतापगढी उत्तर प्रदेशचे. पण हे दोन्हीकडून चालतं, हे आपण विसरतो. सुरेश प्रभू कोकणचे आणि राज्यसभेत गेले आधी हरियाणातून, मग आंध्र प्रदेशातून. प्रकाश जावडेकर पुण्याचे, मध्ये चार वर्षं मध्य प्रदेशचे प्रतिनिधी होते. मला स्वतःला जुनी अट बरी वाटायची. सभागृहाचं नावच ‘राज्यांची सभा’, आणि सदस्याचं मत त्या राज्याच्या यादीत असण्याचीही गरज नाही!

लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर हे आपल्या 19 मध्ये होते का?

नव्हते. ते राष्ट्रपतींनी नेमलेल्या 12 सदस्यांमधले. महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि मामा वरेरकरही असेच. उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1952 ची लोकसभा निवडणूक उत्तर मुंबईतून हरले आणि तेव्हाच्या मुंबई राज्यातून निवडून राज्यसभेत गेले.

खासदाराकडे कोणतं काम घेऊन जावं?

आमच्या बाकावर बसलेल्या दहांपैकी सहा-सात जण चुकीच्या दारात आलेले असायचे. एक आजी आठवतात. निराधार योजनेचे पैसे तीन महिने आले नव्हते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, रेशनकार्ड, आणि कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. तिच्या मागे अर्ज लिहिलेला. संजय गांधी निराधार योजना राज्याची, काम तहसील कार्यालयाचं. खासदाराचा तिथे हुकूम चालत नाही. मी तहसीलदारांना पत्र लिहून दिलं. आजी म्हणाल्या, “बाबा, शिक्का मोठा मार.”

तर ढोबळ हिशेब असा. गटार, कचरा, गल्लीतला दिवा: नगरसेवक. सातबारा, पोलीस, शाळा, एसटी, सिंचन: राज्य, म्हणजे आमदार. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, पोस्ट, पासपोर्ट, विमानतळ, कॅन्टोन्मेंट, केंद्राच्या योजना: खासदार. पंतप्रधान सहायता निधीतून उपचारांना मदत हवी असेल तर खासदाराचं पत्र जोडतात. केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशाचा खासदार कोटा मात्र 2022 मध्ये बंद झाला. त्याआधीचे उन्हाळे मला आठवतात. दहा जागा आणि दाराबाहेर शे-दीडशे पालक. कोटा गेला तेव्हा सर्वात जास्त सुटकेचा निःश्वास खासदारांच्या कार्यालयांनीच टाकला असेल.

खासदार निधीचे 5 कोटी कुठे जातात?

वर्षाला 5 कोटी, पण ते खासदाराच्या हातात कधीच पडत नाहीत. तो काम सुचवतो. मंजुरी आणि पैसे जिल्हाधिकाऱ्यांकडून. लोकसभा खासदाराने आपल्या मतदारसंघात, राज्यसभेच्या खासदाराने निवडून आलेल्या राज्यात कुठेही. म्हणून सभामंडपासाठी एकाच खासदाराच्या मागे लागण्यापेक्षा राज्यसभेच्या 19 जणांकडेही पत्र टाकून बघावं. फार थोडे लोक टाकतात. सहा विधानसभा मतदारसंघांना 5 कोटी म्हणजे प्रत्येकी 83 लाख, हेही लक्षात असू द्या. त्यात मोठा पूल होत नाही.

सभागृहात मराठीत बोलता येतं का?

येतं. घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत शपथ घेता येते आणि बरेच जण मराठीत घेतात. भाषणासाठीही दुभाषे असतात, फक्त आधी कळवावं लागतं. तरी बहुतेक जण हिंदी किंवा इंग्रजीकडे वळतात. मंत्र्याने कानाला यंत्र न लावता ऐकावं, एवढाच त्यामागचा हिशेब असतो.

खासदाराचं निधन झालं तर जागा किती दिवस रिकामी राहते?

कायद्याने सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. मुदतीचं एक वर्षही उरलं नसेल तर सूट. पण पुण्याचं उदाहरण बघा. गिरीश बापट 29 मार्च 2023 ला गेले. लोकसभेचं वर्षाहून जास्त उरलेलं होतं, तरी पोटनिवडणूक लागली नाही. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती घ्या असा आदेश दिला, जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि पुण्याला खासदार मिळाला तो थेट जूनमध्ये. चंद्रपूरची जागाही मे 2023 पासून तशीच रिकामी होती. दोन्हींचे बारा विधानसभा मतदारसंघ वर्षभर लोकसभेत गप्प.

एका मताने खरंच फरक पडतो का?

एकाने कदाचित नाही. 2024 ला मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर 48 मतांनी जिंकले. एका मोठ्या इमारतीत याहून जास्त मतदार असतात.

महिला किती?

2024 मध्ये 48 पैकी सात: जळगाव, रावेर, धुळे, सोलापूर, बारामती, चंद्रपूर आणि मुंबई उत्तर मध्य. 2019 ला आठ होत्या. 106 व्या घटनादुरुस्तीप्रमाणे एक तृतीयांश जागा राखीव झाल्या की 48 मधल्या 16 होतील, पण तो कायदा जनगणना आणि पुनर्रचनेला बांधलेला आहे.

गोव्याचं काय?

लोकसभेत उत्तर आणि दक्षिण असे दोन, राज्यसभेत एक. 40 आमदार, म्हणजे प्रत्येक खासदाराकडे 20 विधानसभा मतदारसंघ. ऐकायला भयंकर वाटतं, पण तिथला विधानसभा मतदारसंघ आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी लहान.

मी परदेशात आहे. मत देता येईल का?

पासपोर्ट भारताचाच असेल तर पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. मत द्यायला मात्र स्वतः यावं लागतं.

माझ्या खासदाराने माझा विषय मांडला की नाही, कसं कळणार?

लोकसभेत अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास. रोज 20 तारांकित प्रश्न लागतात, तोंडी उत्तरापर्यंत पोचतात मोजकेच. 230 अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. नंबर सोडतीने लागतो. याखेरीज शून्य प्रहर, म्हणजे प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय मांडायची वेळ, आणि नियम 377 खालची निवेदनं. सगळं संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने सापडतं. खासदार मंत्री असेल तर तो प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. त्याच्या नावापुढे शून्य दिसलं म्हणून रागावू नका.

लोकांना तारांकित प्रश्नाचं कौतुक असतं. मला अतारांकित जास्त आवडतो, कारण उत्तर कागदावर येतं. आमच्याकडे एका छोट्या स्टेशनवरची मंडळी गाडीच्या थांब्यासाठी यायची. निवेदनावर तीनशे सह्या, हार, पेढे. साहेबांनी अतारांकित प्रश्न टाकला. उत्तर आलं की तिथल्या प्रवासीसंख्येवर थांबा परवडत नाही, आणि सोबत रोजच्या तिकिटविक्रीचा आकडा. मंडळी हिरमुसली. त्यांच्यातले एक निवृत्त मास्तर मात्र तो कागद घेऊन बराच वेळ बसले, मग म्हणाले, “आपली माणसं तिकीट पुढच्या स्टेशनावरून काढतात, म्हणून आकडा पडलाय.” त्यांनी झेरॉक्स मागितली. पुढच्या वेळी आले तेव्हा हार नव्हता, चार महिन्यांची वही होती. कोण कुठून चढलं ते तारीखवार लिहिलेलं.